आखूड कापलेला दोरा

घरात तिला नावाने हाक मारणं केव्हाच बंद झालं होतं. ती शाळेत असताना आईच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आई खडखडीत बरी होऊन घरी आली आणि त्याच आठवड्यात या पोरीने जाहीर करून टाकलं, की मी सर्जन होणार. तेव्हापासून ती घरादाराची सर्जनबाई. साधा भोपळा चिरायला घेतला तरी बाबा विचारायचे, "सर्जनबाई, पेशंटला भूल दिलीत ना?" आईला हा विनोद मुळीच आवडायचा नाही. सर्जन हा शब्द थट्टेत वापरायचा नसतो, असं तिचं ठाम मत होतं. ज्या मोठ्या सरांनी तिचं ऑपरेशन केलं, त्यांना ती दर हिवाळ्यात स्वतः विणलेला एक मफलर पाठवत असे. माणसाला मान एकच असते, हा मुद्दा बाबांनी एकदा मांडून पाहिला होता. पुन्हा मांडला नाही.

आणि योग असा, की सर्जनबाई आता त्याच सरांच्या हाताखाली इंटर्न होती. रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पुढच्या शिक्षणासाठी, सर्जरीचा अर्ज गेलेला, सरांचं शिफारसपत्र जोडलेलं, दोन मुलाखतीही झालेल्या. बोहल्यावर चढायचं तेवढं बाकी होतं. ब्रँच बदलायची मुभा अर्ज बंद होईपर्यंत असते. पण ती मुभा शहाणी माणसं वापरत नाहीत. आपल्या बाईंना नेमका ऐन मांडवात दुसराच मुलगा पसंत पडला होता. म्हणजे दुसरी ब्रँच. पॅथॉलॉजी.

हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण पुढे सगळ्यांनी ते चुकीचंच सांगितलं.

हॉस्पिटलचं ऑपरेशन थिएटर, म्हणजे ओटी, दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लॅब तळघरात. सर एखादी संशयाची गाठ काढत, तेव्हा ती काढून झाल्यावर लगेच शिवायला घेत नसत. गाठीभोवतीच्या चांगल्या भागासकट तो तुकडा डबीत घालून खाली लॅबमध्ये जाई. तिथे तो गोठवून, पातळ चिरून, रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि कडेपर्यंत रोग पोचलाय का, हे फोनवरून वर कळवायचं. त्याला सगळे फ्रोझन म्हणत. तोवर पेशंट भुलेत, जखम उघडी आणि सर हात छातीशी धरून उभे. भल्याभल्यांना दरडावणारा तो माणूस त्या वीस-पंचवीस मिनिटांत गरीब गायीसारखा फोनकडे बघत राही.

डबी खाली पोचवायचं काम इंटर्नचं. बाकीचे इंटर्न डबी टेकवून धावत वर येत, न जाणो तेवढ्यात एखादा टाका आपल्या वाट्याला यायचा. ही मात्र गेली की गेली. ओटीच्या सिस्टर म्हणायच्या, "हिला खाली पाठवलं की माहेरी गेल्यासारखी रमते. आता निकाल घेऊनच उगवेल." सगळे हसत, तीही हसे. आपण खाली का रेंगाळतो याचा तिने कधी विचार केला नव्हता. ओटीत एसी फार असतो, असं ती स्वतःला सांगत असे. लॅबमध्ये त्याहून जास्त होता.

मग तो दोऱ्याचा प्रकार घडला.

छातीतल्या गाठीचा तुकडा एकदा शरीराबाहेर आला की त्याची वरची बाजू कुठली आणि काखेकडची कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. म्हणून सर त्याला दोन दोरे बांधत. आखूड दोरा म्हणजे वरची बाजू, लांब दोरा म्हणजे काखेकडची. सरांनी पहिली गाठ मारली, तिने दोरा कापला. दुसरी मारली, तिने कापला. चांगल्या असिस्टंटच्या हाताला वळणच असं लागलेलं असतं, की गाठ बसली की शेपूट न ठेवता दोरा बारीक कापायचा. वर्षभर ती याच गोष्टीसाठी शाबासकी घेत आली होती. त्या दिवशी दोन्ही दोरे तिने सारखेच सुबक कापले आणि तुकडा डबीत घालून खुशीत खाली गेली.

खाली लॅबच्या मॅडमनी डबी उघडली. मॅडम बुटक्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्यांनी तुकडा फिरवून पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"लांब दोरा कुठाय?"

तिने वाकून पाहिलं. दोन्ही दोरे जुळ्या भावंडांसारखे.

"हा... हा वरचा असावा, मॅडम. मी बघितलं होतं. बहुतेक हाच."

"बहुतेक?"

"जवळजवळ नक्की."

मॅडमनी हातातला चिमटा खाली ठेवला. "हे बघ, जवळजवळ नक्की म्हणजे माहीत नाही. मी तपासते आणि कुठली तरी एक कड खराब आहे, एवढं सांगू शकेन. पण ती छातीवर कुठे येते ते मला कळणार नाही. वर जा आणि सरांना खरं सांग. फोनवर नको, समोर जाऊन."

दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्ट होती. ती जिन्याने गेली, म्हणजे तेवढाच उशीर. भरल्या ओटीत, सिस्टर, भूल देणारे डॉक्टर, दोन रेसिडेंट, सगळ्यांसमोर तिने सांगितलं, की दोरा मी कापला, बाजू कळत नाहीत. सरांनी मास्कआड एक लांब श्वास घेतला.

"मी पण बघितलं नाही डबीत घालताना," ते म्हणाले. "चला. चारी बाजूंनी पुन्हा थोडं थोडं घेऊ. चार डब्या आणा, आणि प्रत्येकीवर आत्ताच लिहा."

पेशंटला तासभर जास्त भूल द्यावी लागली. चारी डब्या तीच घेऊन गेली. या खेपेला मॅडमनी तिला दोघांना एकदम बघता येणाऱ्या मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या बाजूला बसवलं. आधीच्या तुकड्याची खराब कड एका दोऱ्याच्या अगदी जवळ होती. ज्याला ती वरचा म्हणत होती, त्याच दोऱ्याच्या. नव्या चारांपैकी तीन डब्या स्वच्छ निघाल्या. चौथ्या डबीत आतल्या बाजूला रोगाचं एक छोटं बेट होतं, त्याच्या बाहेर मात्र सगळं मोकळं. त्या डबीवर लिहिलं होतं, काखेकडची बाजू.

म्हणजे तिचा 'बहुतेक' साफ चुकला होता. मॅडमनी तो मान्य केला असता, तर सरांनी वरच्या बाजूचं चांगलं मांस काढलं असतं आणि काखेकडचं ते बेट आत ठेवून छान सुबक टाके घातले असते.

मॅडमनी फोन उचलून वर कळवलं, "आता सगळ्या कडा मोकळ्या आहेत. शिवा." आणि पुढची डबी ओढली. तिला मात्र तिथून उठवेना. ती घाबरली होती हे खरंच. पण भीतीच्या खाली दुसरंच काही होतं. तिला ते बेट पुन्हा बघायचं होतं. तिला असली सगळी बेटं बघायची होती, आयुष्यभर. वर्षभर सरांच्या टेबलाशी उभं राहून तिला एकदाही असं वाटलं नव्हतं, हे तिच्या तिथल्या तिथे ध्यानात आलं, आणि ध्यानात आल्यावर ते विसरता येईना.

दोन दिवसांनी ती मॅडमपुढे उभी राहिली. अर्ज बंद व्हायला दोनच आठवडे होते.

"मला ब्रँच बदलायचीय. तुमचं पत्र लागेल."

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "तिकडून पळून येतेयस, का इकडे चालत येतेयस?"

खरं म्हणजे तिलाही ठाऊक नव्हतं. चूक झाली, अब्रू गेली, आता ते टेबल नको, असं तर नसेल? रात्रभर तिने हेच चघळलं होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"बरं झालं माहीत नाही म्हणालीस. बहुतेक म्हणाली असतीस तर बाहेर काढलं असतं." मॅडम पहिल्यांदाच किंचित हसल्या. "असं कर. आठवडाभर सरांच्या टेबलावर उभी राहा. दोरे तू बांध, तू काप. भीती गेली की मग ये. तेव्हाही यावंसं वाटलं तर पत्र देते. वाटलं नाही तर मला एक चांगली सर्जन ओळखीची झाली."

तिने तसंच केलं. पहिल्या दिवशी "सर, आज दोरे मी बांधू?" असं विचारताना तिचा आवाज चिरकला. सिस्टरांनी कात्री देता देता भुवया उंचावल्या. सर फक्त "बांध" म्हणाले आणि बाजूला झाले. गाठ दोनदा सुटली. दुसऱ्या दिवशी एकदाच सुटली. आठवडा संपता संपता तिचे हात एकदम सरळ चालायला लागले. आखूड तो आखूड, लांब तो लांब. सर म्हणाले, "वा, झकास." ऐकून तिला मनापासून आनंद झाला. पण तुकडा डबीत गेला, डबी दुसऱ्या इंटर्नच्या हातात गेली, दार बंद झालं, आणि हिचं मन त्या डबीच्या मागोमाग जिना उतरून गेलं. समोर सर तिला टाका घालायला बोलावत होते. तो टाका मिळावा म्हणून लोक जीव टाकतात.

तेव्हा तिला उत्तर मिळालं. भीती गेली होती आणि ओढ तशीच होती.

सरांना सांगायचं मात्र बाकी होतं. ऑपरेशन संपल्यावर सर एका कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून नोंदी लिहीत, चहा गार करत. तिने चाचरत, अडखळत सगळं सांगितलं. सरांनी पेन बंद केलं.

"राग आला मला," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? एवढं शिकवलं, पत्र लिहिलं. आला राग." मग चहाचा घोट घेतला, तो गार निघाला म्हणून तोंड वाकडं केलं. "पण तुझं लक्ष कायम दाराकडे असायचं. मला वाटायचं, भूक लागली असेल."

ती रडायच्या बेतात होती, तिला हसू फुटलं.

"जुनं पत्र मागे घेतो. नवीन देतो. त्यात लिहीन, की या मुलीने भरल्या ओटीत स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली. लॅबमध्ये बसणाऱ्या माणसाबद्दल मला एवढंच कळायला हवं असतं. मी वर हात धरून उभा असतो, मला तिकडून खरं सांगणारं माणूस लागतं. गोड नको, लवकर नको, खरं." त्यांनी पेन पुन्हा उघडलं. "घरी सांगितलंस?"

तिने मान हलवली. नव्हतं सांगितलं.

घरी सांगितलं तेव्हा व्हायचं तेच झालं. बाबा म्हणाले, "म्हणजे आता भोपळा चिरायचा नाही, नुसता बघायचा?" पण आईचा चेहरा पाहून त्यांनी बाकीचा विनोद गिळला. आई विणत बसली होती. तिने सुया खाली ठेवल्या.

"चूक झाली म्हणून घाबरलीस. घाबरतात माणसं. उद्या विसरशील."

"नाही आई. घाबरले होते, ते गेलं. मग ठरवलं."

"ज्या माणसाने मला तुझ्यापुढे जिवंत बसवलंय, त्याला तू तोंडावर नको म्हणून आलीस? त्यांनी हाताला धरून शिकवलं तुला. हे पांग फेडणं झालं का?" आईचा आवाज चढला नाही, तोच जास्त वाईट प्रकार. "खुशाल भर तो अर्ज. मला विचारू नकोस."

आणि अबोला. जेवायला वाढायची, पण वाढप्यासारखी. अर्ज बंद व्हायला दोन दिवस उरले. दोन्ही पत्रं आली होती, एक कळ दाबायची तेवढी बाकी होती. आईच्या परवानगीची कायद्याने गरज नव्हती. पण या मुलीला आपण कृतघ्न आहोत असं मनात ठेवून कुठलंच काम करता आलं नसतं, सर्जरीही नाही आणि पॅथॉलॉजीही नाही. हा तिचा स्वभाव होता आणि तो आईकडूनच आला होता.

शेवटी ती सरांकडे गेली. "सर, तुम्ही आईशी बोलाल?"

"मी बोललो तर ऐकेल. पण मनातून नाही, माझ्या तोंडाकडे बघून." सरांनी कपाळ खाजवलं. "तिला खाली घेऊन जा. लॅबमध्ये. मी फोन करून ठेवतो. आणि तिला माझा निरोप सांग, की तिच्या ऑपरेशनच्या दिवशी मीही इथे हात धरून फोनची वाट बघत उभा होतो. इतकी वर्षं अर्धे मफलर चुकीच्या मजल्यावर येतायत. मी कधी बोललो नाही, हे माझं चुकलं."

निरोप ऐकून आई साडी बदलून निघाली.

तळघराचा जिना उतरताना आई दोनदा थांबली. लॅबमध्ये पेशंट कधी येतच नाहीत, त्यामुळे तिथे पाहुण्याला बसायला खुर्चीसुद्धा नव्हती. मॅडमनी स्वतःचं स्टूल पुढे केलं आणि आई त्यावर अंग चोरून बसली. माणसाशी काय बोलावं हे मॅडमना फारसं जमत नसे. त्यांनी सरळ सुरुवात केली.

"आम्ही काही टाकत नाही. तुकडे मेणात घालून ठेवतो, मायक्रोस्कोपखाली बघतो त्या काचा पण ठेवतो. सरांचा फोन आला म्हणून मागची कपाटं उघडली. तुमची सापडली. बघायचीय?"

"माझी म्हणजे?"

"तुमची गाठ."

आईने मुलीकडे पाहिलं. मग पदर सावरून मायक्रोस्कोपवर वाकली. आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मॅडमनी काहीतरी फिरवलं. आई एकदम स्थिर झाली.

"हे जांभळं जांभळं?"

"तेच ते."

"एवढंसं!" आई म्हणाली. "आणि याला मी अजून घाबरते. रोज अंघोळीच्या वेळी घाबरते." हे तिने घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगी मागे उभी होती, तिने भिंतीला हात टेकला.

"आता काच सरकवते. ती काळी रेघ दिसतेय? आम्ही कडेला शाई लावतो, ती. आणि जांभळं कुठे संपतं ते बघा."

"रेघेच्या बरंच अलीकडे."

"मधे काय आहे?"

"काही नाही. नुसतं गुलाबी. मोकळं."

"ते मोकळं आहे, म्हणून तुम्हाला शिवलं."

आई डोळा न काढता बघत राहिली. मग तिने विचारलं, "हे तेव्हा कुणी बघितलं?"

"मीच होते," मॅडम म्हणाल्या. "तेव्हाही मीच."

"बघितल्यावर काय केलंत?"

"काय करणार? फोन उचलून वर सांगितलं, मोकळं आहे. मग पुढचा तुकडा घेतला."

"आणि मी कोण, काय, मला मूल आहे का, काही ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

"नाही. ते कळत नाही इथे. कळायची गरजही नसते. नीट बघायचं एवढंच."

आईने डोळे वर केले. इतक्या वर्षांचे आभार कुठल्या शब्दांत घालायचे ते तिला माहीत नव्हतं. तिने मॅडमचा हात दोन्ही हातांत धरला आणि धरूनच ठेवला. हे असं काही मॅडमच्या बाबतीत आजवर घडलं नव्हतं. त्या दुसऱ्या हाताने उगाचच चष्मा शोधत राहिल्या, आणि तो त्यांच्या कपाळावर होता.

मग आई उठली. मुलीचा दंड धरून तिने तिला पुढे ओढलं आणि खांदे दाबून त्या स्टुलावर बसवलं, लहानपणी वेणी घालायला बसवायची तशी.

"तू बस इथे," ती म्हणाली. "मी किती घाबरले होते, ते तुला ठाऊक आहे. वर जी कुणी झोपलेली असेल ना, तीही तेवढीच घाबरलेली असेल. तिचं नीट बघ."